यंत्र आणि शेजारधर्म
(कासारसाई येथील भाषणाचा सारांश)



२०२४च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी पहाटे चार वाजता वाहनतळावर परस्परांना पाहून भोंगे वाजवीत. शेजाऱ्यांची झोप उडाली. तक्रारींनंतर कंपनीने संगणकप्रणाली सुधारली. त्याच वर्षी फेब्रुवारीत तेथील जमावाने अशी एक टॅक्सी जाळली होती. जाळपोळ निषेधार्हच, सुधारणा घडली ती तक्रारीने.

आपल्याकडे चालकांचा रोजगार जाईल म्हणून नितीन गडकरी यांनी २०१७मध्येच अशा वाहनांना नकार दर्शविला. तथापि हिंजवडी आपल्या उंबरठ्याशी आहे. उद्या एखाद्या ताफ्याचे चार्जिंग आगार आपल्या शिवारात येऊ घातले, तर आंधळा विरोध नको. रात्रीचा आवाज, वीज आणि चालकांची भाकरी, हे प्रश्न ग्रामसभेत आधीच विचारावेत. यंत्राला शेजारधर्म ठाऊक नसतो. तो यंत्राच्या मालकाला आपणच सांगावा लागतो.