उजेड बघायला शिकूया
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेत फोटो आणि व्हिडिओ शिकण्यासाठी एक खोली करावी, तिच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी दिवे घेऊन द्यावेत, असा प्रस्ताव आला आहे. मी या धंद्यातला, म्हणून संयोजकांनी मला बोलायला उभं केलं. माझं मत एका वाक्यात सांगतो. दिवे जरूर घेऊ, पण पहिले सहा महिने ते खोक्यातच राहू द्या.

हसू नका. प्रकाशयोजना म्हणजे दिवे लावणं, असं बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे सावली कुठे पडावी आणि किती पडावी, हे ठरवणं म्हणजे प्रकाशयोजना. ते शिकायला आपलं शहागंज पुरेसं आहे.

दुपारी बारा वाजता घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उभे राहा. डोक्यावरच्या उन्हात माणसाचे डोळे काळ्या खळग्यांसारखे दिसतात. आता भाजीच्या गाड्यांकडे वळा. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या मावशींचा चेहरा निळसर दिसतो आणि पांढऱ्या कापडाखाली बसलेल्यांचा मऊ, नैसर्गिक. ऊन तेच, मधलं कापड वेगळं. संध्याकाळी सराफ्यात जा. तिथले छोटे, प्रखर दिवे सोन्याला चमकवतात, पण त्याच दिव्याखाली चेहऱ्यावर कडक रेषा उमटतात. उजेड येण्याची जागा लहान तर सावली कडक, मोठी तर सावली मऊ. निम्मा अभ्यासक्रम इथेच संपला.

आपल्या जिल्ह्याला ही विद्या नवी नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत विजेचे दिवे नव्हते, तेव्हा बाहेरचं ऊन आरशाने आत घेत आणि पांढऱ्या कापडावरून भिंतीवर परतवत. आजही तिथे फ्लॅश चालत नाही, कारण प्रखर उजेडाने रंगांना धोका असतो. बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये ती चित्रं टिपली ती अगदी मंद उजेडात, कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून. पद्मपाणीच्या चेहऱ्यावरचे भाव त्यांना मिळाले ते थांबण्याच्या तयारीमुळे.

सिनेमातही हेच. ‘अपराजितो’ (१९५६) साठी बनारसच्या घराचा सेट उभारला, तेव्हा पंचविशीतल्या सुब्रत मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावरून खाली परतवला. आभाळाचा उजेड असाच वरून, सगळीकडून येतो, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. ‘कागज के फूल’ (१९५९) मधला तो प्रसिद्ध प्रकाशाचा झोत व्ही. के. मूर्तींनी खऱ्या उन्हाचा केला, मोठ्या आरशांनी ते स्टुडिओत वळवून. आरसा आणि पांढरं कापड, दोन्ही तुमच्या घरात आहेत.

तेव्हा मुलांनो, पहिला धडा असा. मित्राला खिडकीपासून दोन फुटांवर बसवा आणि मोबाइलने फोटो घ्या. मग चार फुटांवर आणि आठ फुटांवर बसवा. उजेड किती झपाट्याने उतरतो ते दिसेल. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाईच उरतो. मग अंधाऱ्या गालाजवळ ड्रॉइंगचा पांढरा कागद धरा, सावली उजळेल. त्याच जागी काळं कापड धरा, ती गडद होईल. एलईडीखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवून पाहा, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे.

हे सगळं कशासाठी, तेही सांगतो. लग्नाचं काम ठरवताना मला हमखास एक वाक्य ऐकू येतं, “नवरी जरा सावळी आहे हो, फोटोत गोरी येऊ द्या.” भरमसाट दिवे मारले की ती गोरी येते, पण मग ती ती राहत नाही. सावळ्या कातडीवरची झळाळी उजेड वाढवून येत नाही, बाजूने आलेल्या मोठ्या, मऊ उजेडाने येते. ज्याला एवढंच येतं की दिवा वाढवायचा, तो त्या मुलीचा चेहरा पुसून तिच्या हातात अल्बम देतो. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या मुला-मुलीने हे करू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

म्हणून दिव्यांच्या आधी दोन गोष्टी मागतो. उत्तरेकडे खिडकी असलेली एक खोली मुलांना द्या, कारण त्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो. दुसरी गोष्ट, त्या खिडकीला जाड पडदा. पडद्याचं कापड आणि शिलाई माझ्याकडून. बाकीची वर्गणी तुमच्याकडे राहू द्या, सहा महिन्यांनी कोणता दिवा हवा ते मुलंच येऊन सांगतील.