गळाची काठी: घरच्या बांबूची, घरच्या हाताची

शेततळ्यात मासे सोडणारे शेतकरी आता गावोगावी दिसतात. घरच्या जेवणापुरते दोन-चार मासे काढायचे तर दर वेळी जाळे ओढणे परवडत नाही. पाणी गढूळ होते, लहान मासे दुखावतात. अशा वेळी गळ बरा. पण बांधावरचा ओला बांबू तोडून त्याला गळ बांधला, तर पहिल्याच मोठ्या रोहूला काठी मोडते आणि मासा गळ-दोरीसकट जातो. तेव्हा आपल्या पाण्याला व आपल्या हाताला बेतलेली काठी कशी करावी, ते आज पाहू या.

आधी मासा ठरवा. नुसत्या चिलापीसाठी दहा फुटी, बारीक शेंड्याची साधी काठी पुरते. तिला रीळ लागत नाही, दोरी शेंड्यालाच बांधावी. रोहू, कटला, मृगळ धरायचे असतील तर सात-आठ फुटी, जरा दमदार काठी घ्यावी व तिला रीळ लावावे.

आता बांबू. कोकणात माणगा यासाठी चांगला. तो सरळ वाढतो, काटे नसतात, पोकळी कमी असते. इतर भागांत आपल्याकडचा भरीव बांबू चालेल. काठी तीन ते चार वर्षांची असावी. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी व पेरांना वेष्टणे दिसतात. ती सोडून द्यावी. जून काठी ठोकली की टणक आवाज येतो. तोड थंडीत करावी, कारण त्या वेळी बांबूत पिठूळ अंश कमी असतो व घुण कमी लागतो. तोडताना पेराच्या लगत वर तोडावे, म्हणजे खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही. सन २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. पण हे आपल्या जमिनीतील बांबूपुरतेच, बरं का! जंगलातल्या बांबूला हात लावू नये.

तोडलेल्या काठ्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवाव्यात, शक्यतो वाहत्या. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी उभ्या टांगून दोन-तीन महिने वाळवाव्यात. उन्हात टाकल्या तर चिरतात. इथे घाई केली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

वाळलेली काठी वाकडी असेल तर निखाऱ्यावर पेर फिरवत तापवावे. पाठ चकाकू लागली की फडके धरून हळूहळू सरळ करावे आणि ओल्या फडक्याने तिथेच थंड करावे. पेरावरचे उंचवटे कानशीने घासावेत, मात्र हिरवी-पिवळी पाठ तासू नये. बांबूचा चिवटपणा पाठीजवळच्या धाग्यांत असतो. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या टोन्किन बांबूच्या सहा कांबी चिकटवून परदेशात ज्या नामांकित काठ्या करतात, त्यांतही पाठ बाहेर ठेवतात व तासणी आतून करतात.

यानंतर काठीचा कल पाहावा. बुडखा गुळगुळीत फरशीवर टेकवा, शेंडा एका हातात धरा, दुसऱ्या हाताने मध्ये दाबून काठी गोल फिरवा. ती उसळी घेऊन एकाच बाजूवर पुन्हा पुन्हा थांबते. तिथे खूण करा. कड्या त्या रेषेवर किंवा बरोबर तिच्या उलट बाजूला बांधाव्यात. आडव्या बांधल्या तर मासा ओढतेवेळी काठी हातात पिळवटते.

कड्या स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या कराव्यात. दर फुटामागे साधारण एक, शिवाय शेंड्याला एक. रिळाजवळची मोठी, पुढे लहान होत जाव्यात. शेंड्याकडे अंतरही कमी करावे. कडीतून कापूस फिरवून पाहा. कापूस अडकला तर तिथे दोरीही कापली जाईल. ती जागा घासून काढा. कडीचे पाय पक्क्या दोऱ्याने शेजारी-शेजारी वेढे देत बांधावेत. शेवटच्या आठ-दहा वेढ्यांखाली दोऱ्याचा एक फास ठेवावा, टोक त्यातून ओवून ओढून घ्यावे. गाठ मारू नये. त्यावर व्हार्निशचे तीन हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. मुठीला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली तरी ओल्या हातातून काठी निसटत नाही.

पाण्यावर जाण्यापूर्वी परीक्षा घ्या. कड्यांतून दोरी ओवून टोकाला अर्ध्या किलोची पिशवी बांधा व काठी उचला. वाक एकसारखा कमानीसारखा हवा. कुठे कोन पडला किंवा दोरी काठीला टेकली, तर तिथे कडी वाढवा. आणखी एक नियम: नायलॉनची दोरी, म्हणजे तंगूस, काठीपेक्षा कमजोर असावी. ताण जास्त झाला तर दोरी तुटेल, पण महिनोन्‌महिने वाळवलेली काठी वाचेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. विजेच्या तारेखाली काठी उभी करू नका. कार्बनच्या काठीतून वीज सहज वाहते, आणि ओला बांबूही जिवावर बेतू शकतो. गळ फेकण्याआधी एकदा वर बघा. ढग गडगडू लागले की काठी आडवी ठेवून पाण्यापासून दूर व्हा. मुलांना हे आधी शिकवा, गळ नंतर.

धरणाच्या किंवा गावतळ्याच्या पाण्यात बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो. तिथे संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नये. त्या माशांवर त्यांचे पोट आहे. तुटलेली दोरी काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायांत ती अडकते.

तेव्हा मंडळी, येत्या थंडीत बेटातल्या चार जून काठ्या हेरून ठेवा. चार घेतल्या तर त्यांतून दोन तरी चांगल्या निघतील. उन्हाळ्यापर्यंत त्या वाळतील, आणि काठी नीट जमली तर शेजारीही मागायला येतील. बांबू घरचाच आहे. विकत घ्यायची ती तार, दोरा, व्हार्निश आणि लागलेच तर रीळ.