पूर ओसरल्यानंतरचे लाकूडकाम

(पूरग्रस्त भागात काम करणारे सुतार व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात शिरले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. पाणी उतरते, चिखल उपसला जातो. मग भिजलेल्या कपाटांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. येथे घाई झाली, तर पुराने केलेली हानी गृहस्थाच्या पदरी दुसऱ्यांदा पडते.

लाकूड कोणते, याआधी चिकटद्रव्य कोणते, हे पाहावे. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा चुरा. एमडीएफ म्हणजे तसेच दाबलेले सूक्ष्म तंतू. दोहोंत बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड असते. पाण्यात ते सुटते, फळी फुगते आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. स्क्रू पकड सोडतात. फुगलेली अशी फळी वाळवून पुन्हा बसवणे व्यर्थ होय.

प्लायवुडमध्ये एकावर एक आडवे-उभे थर असतात, म्हणून ते आकार टिकवते. तथापि 'एमआर' प्रतीचे प्लायवुड दमटपणा सोसते, बुडणे नव्हे. आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायवुडचे फिनॉलयुक्त चिकटद्रव्य ७२ तास उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरावे लागते. त्याचे थर सुटले नसतील, तर फळी धुऊन, निर्जंतुक करून सावलीत वाळवावी व पुन्हा वापरावी. सागवानी चौकटींनाही हाच न्याय लावावा. मात्र वाळताना त्या वाकणार नाहीत, हे पाहावे.

नवे काम करताना मरीन प्लायवुडच्याही कापलेल्या कडा रंगाने किंवा वॉर्निशने बंद कराव्यात. पाणी तेथूनच शिरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भिंत पूर्ण वाळू द्यावी. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून कित्येक आठवडे ओली असते. तिला टेकवलेल्या उत्तम प्लायवुडलाही बुरशी धरते. म्हणून ओलावामापकाने भिंत तपासावी, कपाट पायांवर उभे करावे व मागे हवेसाठी फट ठेवावी.

मरीन प्लायवुड महाग पडते, हे खरे. तेव्हा पुराची रेषा ज्ञात असेल तेथे खर्च रेषेखाली करावा, वर साधे प्लायवुड पुरेल. फळीवरील मानक क्रमांक ग्राहकाला स्वतः वाचून दाखवावा. सर्वस्व भिजलेल्या कुटुंबाचा पैसा पुन्हा पाण्यात जाऊ न देणे, ही आपल्या कारागिरीची खरी सेवा आहे.