आलेल्या देणगीविषयी दोन शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. हिशेबाची वही मजकडे असते, म्हणून देणगीवर चार शब्द बोल, असे बाईंनी सांगितले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

पूर्वी दान म्हणजे दारी आलेल्याला पसाभर धान्य. आता २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान दोन टक्के लोकोपयोगी कामाला लावावे लागतात. एवढा पैसा योग्य जागी पडला तर काय होते, ते मी परळला पाहिले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे त्यांचे यजमान सर दोराबजी यांच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. १९५७ साली सरकारने ते चालवावयास घेतले. माझ्या जाऊबाईंवर तिथेच उपचार झाले. दुखणे घरातलेच होते, म्हणून काय हवे ते नेमके उमगले, असे मला वाटते.

आपल्याकडे उलटे झाले. आपण बालवाडीच्या बाईंचा वर्षाचा पगार मागितला. उत्तर आले, पगाराला पैसे नाहीत, वस्तूंना आहेत. मग बारा शिवणयंत्रे आली. फलक लागला, फोटो निघाले. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता त्यांनाही यंत्रापुढे बसवले. (माझाही फोटो आहे, नवे पातळ नेसून!) शिवण शिकवणारी बाई मात्र कोणी दिली नाही. आज चार यंत्रे चालतात. बाकीच्यांवर बालवाडीची दप्तरे ठेवतो.

वर्षाने कागद आला, किती बायका स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या? खऱ्या अकरा. आपण चाळीस लिहिले. अकरा लिहिले तर पुढचे मिळणार नाही, ही भीती. अक्षर माझेच होते. देणाऱ्यांनी आपल्याला विचारले नाही हे खरे, पण आपणही सांगितले नाही. आणि आपल्या त्या चाळिसांच्या भरवशावर आणखी कुठल्या मंडळात बारा यंत्रे जाऊन पडली असतील, कोण जाणे.

पुढील महिन्यात दुसरे देणगीदार भेटीला येणार आहेत. त्यांच्यासाठी मी पत्र लिहून आणले आहे. अकरा हा आकडा पहिल्याच ओळीत आहे, त्याखाली बाईंचा पगार. सह्यांसाठी ते चहाच्या टेबलावर ठेवते.