लहान अर्थसल्लागार पेढीतील नोकरी



पदवी हाती पडली की बँक, विमा महामंडळ किंवा सरकारी खाते यांपलीकडे आपल्या ज्ञातीतील पालकांची दृष्टी सहसा जात नाही. मुलगी किंवा मुलगा चार-पाच माणसांच्या अर्थसल्लागार पेढीत लागला असे सांगताना त्यांचा आवाज किंचित खाली येतो. ही भीती अगदीच निराधार नाही. वीसांहून कमी नोकर असलेल्या आस्थापनेस भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सहसा बंधनकारक नसतो, वेतन बेताचे, आणि ग्राहक ओळखतात ते मालकास, पेढीस नव्हे. उद्या मालकाने चिरंजीवांस गादीवर बसविले, तर दहा वर्षांच्या सेवेचे मोल काय, हा प्रश्न उरतोच.

परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता अशी पेढी ही शाळाच होय. मोठ्या संस्थेत एकाच टेबलावरचे काम वर्षानुवर्षे करावे लागते. येथे सकाळी केवायसीचे कागद, दुपारी एखाद्या विधवा भगिनीच्या ठेवींची व्यवस्था, सायंकाळी कोणाच्या आयकराचा गुंता, हे सारे मालकाच्या शेजारी बसून ऐकावयास मिळते. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला, त्या वेळी घाबरलेल्या ग्राहकाशी कसे बोलावे हे पुस्तकातून थोडेच कळणार होते!

खरी मेख निराळीच आहे. पेढी पैसा कोठून मिळविते? सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली नोंदलेला सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो. म्युच्युअल फंडाच्या वितरकास कमिशन मिळते. एकाच ग्राहकाकडून दोन्ही लाभ घेणे २०२० च्या दुरुस्तीने बंद झाले. पाटीवरून मात्र हा भेद नेहमीच उमगतो असे नाही. काही वितरक पेढ्यांत नवख्याकडे प्रथम नातेवाइकांची यादी मागतात. मामा, मावशी, आणि क्षमा असावी, ज्ञातीच्या पत्त्यांची वहीसुद्धा! मावशीची ठेव मोडून नको त्या योजनेत गेली, की नोकरी सुटली तरी दिवाळीस तिच्या घरी जाणे अवघड होते.

म्हणून रुजू होण्यापूर्वी सल्लागाराची नोंदणी सेबीकडे व वितरकाची ॲम्फीकडे पडताळून पाहावी. आप्तांना ग्राहक करणे ही सेवेची अट आहे काय, हे स्पष्ट विचारावे. उत्तर लेखी मिळाल्यास उत्तम. एनआयएसएमच्या परीक्षेचे शुल्क पेढी भरते काय, हेही पाहावे. ते प्रमाणपत्र ठराविक मुदतीने नवे करावे लागते खरे, पण ते परीक्षार्थीच्या नावे असते, पेढीच्या नव्हे.