यंत्राचा कारकून

हाताखालीं एखादा हुशार पण नवखा कारकून आला म्हणजे पहिले आठ दिवस आपलें काम उलट वाढतें, हा अनुभव कचेरींत वा शाळेंत वावरलेल्या पुष्कळांस असेल. कागद कोठें आहेत, साहेबांस काय रुचतें, यांतलें त्याला कांहींच ठाऊक नसतें. आणि 'मला ठाऊक नाहीं' असें म्हणण्याची त्याला लाज वाटते. असाच एक कारकून आतां घरोघरच्या मोबाइलमध्यें येऊन बसला आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांसाठीं खुलें झालें, आणि 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा भारदस्त शब्द आमच्या समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गांवींहि चहाच्या टपरीवर ऐकूं येऊं लागला. या कारकुनाकडून काम कसें करवून घ्यावें, एवढाच आजचा विषय आहे. तो जगाचें भलें करील कीं वाटोळें, हा वाद विद्वानांकडे सोपवूं.

हा लिहितो कसा, तें आधीं समजून घेतलें पाहिजे. अफाट मजकूर त्याच्यापुढें ठेवून त्याला मुळांत एक गोष्ट शिकविलेली असते: आतांपर्यंतच्या शब्दांपुढें कोणता शब्द येणें अधिक संभवनीय आहे. त्यामुळें वाक्य सफाईदार उतरतें. पण तें खरें असल्याची हमी त्या सफाईंत नसते. २०२३ सालीं न्यूयॉर्कमधील एका खटल्यांत वकिलांनीं या यंत्रानें दिलेले निवाडे न्यायालयापुढें ठेवले. तसे निवाडे कधीं झालेच नव्हते! न्यायाधीशांनीं ५,००० डॉलर दंड ठोठावला. शिवाय यंत्रानें वाचलेल्या मजकुरांत इंग्रजीच्या मानानें मराठीचा वांटा फारच थोडा. म्हणून त्याची मराठी पुष्कळदां भाषांतरासारखी लागते.

आमच्या तालुक्यांतलेंच उदाहरण घेतों. वायगांव हळद्या हें गांव समुद्रपूर तालुक्यांत आहे. तेथील हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. समजा, एखाद्या बचत गटाला हळदीच्या पुड्यावर चार ओळी छापावयाच्या आहेत. 'हळदीविषयीं माहिती लिही' एवढेंच सांगितलें, तर यंत्र पानभर लिहून देतें: हळद गुणकारी आहे, सौंदर्यवर्धक आहे, अमक्या रोगावर चालते, तमक्यावर चालते. तें सारें सांगलीच्या हळदीलाहि लागू आणि सेलमच्या हळदीलाहि लागू. मग माणूस वैतागतो आणि 'यांत कांहीं राम नाहीं' म्हणून मोबाइल ठेवून देतो.

त्याच यंत्राला असें सांगून पाहावें: 'वाचणारी पुण्या-मुंबईची गृहिणी आहे. हळद वायगांव हळद्याची, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. मानांकन २०१६ चें. गटांतल्या बायका ती स्वतः उकडतात, वाळवितात, दळतात. चार ओळी, साधी मराठी. रोग बरा होतो असा शब्दहि नको. मी दिलेल्या माहितीबाहेरचें कांहीं घालूं नकोस. कांहीं कमी वाटत असेल तर आधीं मला विचार.' या शेवटच्या वाक्यानें मोठा फरक पडतो. यंत्र उलट प्रश्न करतें: पुडा किती ग्रॅमचा? हळद कोणत्या हंगामाची? गिऱ्हाईक तरी दुसरें काय विचारतें? मग मसुदा येतो. 'दुसरी ओळ लांबली, तिसरींत विशेषणें फार झालीं' असें सांगावें. तें न रुसतां पुन्हां लिहितें. जिवंत कारकुनाला इतक्यांदा परत धाडण्याचा धीर निदान मला तरी झाला नसता! छापखान्यांत देण्यापूर्वी मात्र गांव, तालुका, साल आपण स्वतः ताडून पाहावें. वर्धा जिल्ह्यांत वायगांव निपाणी म्हणून दुसरेंहि वायगांव आहे, आणि अशा नामसाधर्म्यानें हा कारकून सहज फसतो.

लिहिणाऱ्या यंत्राखेरीज पाहून मोजणारेंहि यंत्र आहे. गुलाबी बोंडअळीसाठीं कापसाच्या शेतांत कामगंध सापळे लावतात. मादीसारख्या गंधानें नर पतंग त्यांत अडकतात. एका सापळ्यांत रात्रीं ८ पतंग, असें सलग ३ रात्री झालें, म्हणजे उपायाची वेळ आली, असा दंडक कृषिशास्त्रज्ञांनीं घालून दिलेला आहे. पण रोज मोजणार कोण? मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेनें यासाठीं 'कॉटनएस' नांवाचें साधन तयार केलें. सांपडलेल्या पतंगांचें छायाचित्र घ्यावयाचें. यंत्र ते मोजतें आणि फवारावें कीं थांबावें याचा सल्ला देतें. येथें केवळ वेळ वाचतो असें नव्हे. २०१७ च्या हंगामांत आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारतांना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. अनावश्यक अशी एक फवारणी टळली, तर पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या अंगांत जाणारें विषहि तेवढें टळतें.

या उदाहरणांत यंत्राला नेमकें एकच काम दिलेलें आहे, आणि त्याचें उत्तर हातानें मोजून पडताळतां येतें. शहरांतल्या घरींहि आधीं अशींच कामें द्यावींत. विम्याच्या इंग्रजी अटींतून भरपाई कशाकशाला मिळत नाहीं तीं कलमें काढून घ्यावींत. कलमाचा क्रमांक अवश्य मागावा, म्हणजे मूळ पान उघडून पाहतां येतें. गृहसंस्थेच्या सभेच्या टिपणांवरून इतिवृत्ताचा मसुदाहि तें चांगला करतें. आधार क्रमांक, बँकेचा खातेक्रमांक, आजाऱ्याचें नांव, हें सारें खोडूनच कागद त्याच्यापुढें ठेवावा.

मुलांच्या निबंधाविषयीं पालक मला हटकून विचारतात. निबंध यंत्राकडून लिहवून घेण्यास माझा साफ विरोध आहे. मुलानें आधीं वहींत आपल्या अक्षरांत लिहावें. मग त्याचें छायाचित्र यंत्राला दाखवून म्हणावें, 'सुधारूं नकोस. कोठें अर्थ लागत नाहीं, तेवढें सांग.' आमच्या शेजारची सातवींतली एक मुलगी असें करते. पावसाळ्यांतल्या शेतावरच्या तिच्या निबंधांत 'डवरणी' या आमच्या वऱ्हाडी-नागपुरी शब्दापाशीं यंत्र अडलें; शब्द चुकला असावा, म्हणालें. तिनें शब्द तसाच ठेवला, आणि कापसाच्या दोन तासांमधून बैल डवरा कसा ओढतात, तण कसें उपटून येतें, हें तीन वाक्यांत लिहून निबंधांत घातलें. तीं तीन वाक्यें त्या निबंधांतलीं सर्वांत चांगलीं आहेत.