मध्येच थांबावं लागलं तर?



संयोजकांनी सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, मुलांच्या शिक्षणाबद्दल काहीतरी बोल." आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता बारावीच्या आसपास आहेत. सरळ इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला घालायचं, की थोडी वर्षं इथे आणि उरलेली परदेशात अशा कोर्सला, हा प्रश्न घरोघरी आहे. मी उपदेश करत नाही. माझं काय झालं तेवढं सांगते.

1997 साली बारावी झाले. तेव्हा पीसीएमच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे. फ्री सीट आणि पेमेंट सीट असायच्या. मला सांगलीच्या वालचंद कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स मिळत होतं. मनात मात्र मणिपाल होतं. दोन वर्षं तिथे शिकायचं, मग अमेरिकेतल्या विद्यापीठात जाऊन तिथली डिग्री घ्यायची. शिवाजी पेठेतल्या पोरीला अमेरिकेची डिग्री! माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपायचे मी.

वडिलांचे उद्यमनगरात दोन लेथ होते आणि फुलेवाडीला एक प्लॉट. "पोरीचं भलं होत असेल तर प्लॉट जाऊ दे," असं ते म्हणाले. पण व्यवहार करण्याआधी त्यांनी आपल्या गणिताच्या सरांना घरी बोलावलं. नाव सांगायला नको, सर पुढच्याच रांगेत बसलेत.

सरांनी चहा घेतला, माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "दोन वर्षांनी पैशाचं जमलं नाही किंवा व्हिसाच मिळाला नाही, तर पोरीच्या हातात काय राहील?"

आमच्या घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी सांगलीला गेले.

सर, आज सगळ्यांसमोर कबूल करते. पुढची दोन वर्षं गांधी मैदानाजवळ तुम्ही समोरून दिसलात की मी रस्ता बदलायची. माझं अमेरिकेचं स्वप्न तुम्ही मोडलं, असंच मी धरून चालले होते.

मग 1999 उजाडलं. मी तिसऱ्या वर्षाला होते. मणिपालला गेले असते, तर अमेरिकेला निघायचं तेच वर्ष. 1997 मध्ये डॉलर सुमारे 36 रुपयांना होता, तो 43 च्या घरात गेला होता. म्हणजे 10,000 डॉलरमागे 70,000 रुपये जास्त. त्यात वडिलांची कामं महिनोन्महिने थांबली. प्लॉट विकावाच लागला, पण घर चालवायला. माझं कॉलेज थांबलं नाही.

याचा अर्थ सांगलीच बरी आणि परदेश वाईट, असा नाही. मला प्रोग्रॅमिंग पुण्यात नोकरी लागल्यावर नव्यानं शिकावं लागलं. मीटिंगमध्ये इंग्रजीत तोंड उघडायला वर्ष गेलं. कदाचित तिकडे हे लवकर जमलं असतं. त्याची चुटपुट आजही आहे.

गेल्या वर्षी माझी भाची याच वळणावर आली. आता काळ बदललाय. 2022 मध्ये यूजीसीनं या कोर्सचे नियम केले. ट्विनिंगमध्ये परदेशातली क्रेडिट 30 टक्क्यांपर्यंतच आणि पदवी भारतीय संस्थेची. ड्युअल डिग्रीत दोन्ही संस्थांच्या पदव्या. त्यात निदान 30 टक्के क्रेडिट इथली हवीत. आणि अर्धवट सोडावं लागलं तर विद्यार्थ्याची बाहेर पडायची वाट काय, मिळवलेल्या क्रेडिटचं काय, याचीही सोय संस्थेनं करायची आहे. ते वाचताना मला हसू आलं. सरांचा प्रश्न दिल्लीला पोचायला 25 वर्षं लागली!

भाचीला मी तोच प्रश्न विचारायला लावला. तिनं कॉलेजकडून लेखी उत्तर मागवलं: परदेशी जाता आलं नाही, तर इथेच नेहमीचं बी.टेक. पूर्ण करता येईल. मग मीच म्हटलं, जा. म्हणजे त्याच प्रश्नानं मला थांबवलं आणि तिला पाठवलं.

तेव्हा माझं एवढंच सांगणं. मुलांना अडवू नका आणि रंगीत माहितीपत्रकावरही भुलू नका. कोर्सचा दुसरा अर्धा भाग झालाच नाही असं धरा आणि पहिल्या अर्ध्याची किंमत काढा. ती पटली, तर बिनधास्त पाठवा.

सर, आता रस्ता बदलणार नाही. कार्यक्रम संपला की चहा माझ्याकडून.